वेळा आणि मर्यादा : कोकण किनाऱ्यावरील सागरी संयमाचा इतिहास

(१)

संस्कृतातील ‘वेला’ या शब्दाला कोशकारांनी मुख्यतः तीन अर्थ दिलेले आहेत. समुद्राच्या पाण्याचा चढउतार हा पहिला, काल हा दुसरा आणि मर्यादा हा तिसरा. समुद्राचा काठ हा अर्थही याच तिसऱ्या अर्थाच्या पोटात येतो, कारण पाणी जेथपर्यंत येऊन परत फिरते तीच त्याची मर्यादा. मराठीने या शब्दापासून ‘वेळ’ हे रूप घेतले. परंतु घेताना तीन अर्थांपैकी कालवाचक अर्थ तेवढा ठेवला आणि पाण्याशी व काठाशी असलेला त्याचा संबंध प्रमाण भाषेतून गळून गेला. कोकणीत मात्र ‘वेळ’ म्हणजे समुद्रकाठची वाळू हा अर्थ अद्याप रूढ आहे. घाटावरच्या मराठी माणसाची ‘वेळ’ घड्याळात राहिली आणि गोव्याकडच्या माणसाची समुद्रकाठी राहिली, असा हा अर्थभेद होय.

हा भेद केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाचा विषय नाही. समुद्राशी कसे वागावे, त्याच्याकडून काय व केव्हा घ्यावे आणि केव्हा हात आवरावा, यासंबंधीचे जे ज्ञान कोकण किनाऱ्यावर पिढ्यानुपिढ्या सांभाळले गेले, ते काल, पाणी आणि मर्यादा या तिन्हींना एकत्र बांधणारे होते. पुढे यंत्र आले, त्यापाठोपाठ कायदा आला आणि गेल्या काही दशकांत समुद्र पाहण्यासाठी येणारा पर्यटकही आला. या प्रत्येक टप्प्यावर मर्यादेचा आधार बदलत गेला. हा बदल कसा घडला आणि त्यात भाषेचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

(२)

मराठीतील समुद्रविषयक शब्दसंग्रह पाहिला असता त्यात दोन प्रवाह स्पष्टपणे वेगळे दिसतात. पहिला प्रवाह ग्रंथांतून आलेला. त्यात समुद्र हा ‘रत्नाकर’ आहे, म्हणजे मौल्यवान वस्तूंचा साठा. मोती, शंख, शिंपला, कवडी, पोवळे हे शब्द किनाऱ्यापासून शंभर कोस दूर राहणाऱ्या घरातही परिचित होते; परंतु ते दागिना, पूजा किंवा खेळ यांच्या संदर्भात. ‘पोवळे’ हा शब्द ‘प्रवाल’ या संस्कृत शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप होय. ज्या जिवंत प्राण्यांच्या वसाहतीतून हे पोवळे बनते, त्या प्राण्यासाठी मात्र सर्वसामान्य मराठीत निराळा शब्द नव्हता. वस्तू ठाऊक होती, जीव ठाऊक नव्हता.

दुसरा प्रवाह किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या बोलण्यातला. येथे समुद्र हा ‘दर्या’ आहे, आणि हा फारसी शब्द कोळ्यांच्या तोंडी इतका मुरलेला आहे की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. या प्रवाहातील शब्द वस्तूंपेक्षा घडामोडींचे आहेत. जमिनीवरून पाण्याकडे जाणारा तो मतलई वारा, पाण्यावरून जमिनीकडे येणारा तो खारा वारा. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास पाणी फार चढते व फार उतरते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या आसपास हा चढउतार अगदी कमी होतो, तो ‘भांग’. वाळूच्या काठाला ‘पुळण’ म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत ‘पुलिन’चा सरळ वारस आहे.

यांपैकी ‘उधाण’ आणि ‘भांग’ या जोडीचे भवितव्य लक्षात घेण्यासारखे आहे. उधाण शहरी मराठीत आले. उत्साहाला, आनंदाला, महागाईला उधाण येऊ लागले. भांग मात्र आला नाही. शहरातील वाचकाला ‘भांग’ म्हणजे एक तर केसांतला, नाहीतर घोटून पिण्याचा. ज्या समाजाने समुद्राचा केवळ फुगणारा अर्धा भाग आपल्या अलंकारिक भाषेत घेतला आणि शांत होणारा अर्धा भाग किनाऱ्यावरच सोडून दिला, त्याचे समुद्रज्ञानही तसेच अर्धे राहणार हे उघड आहे.

भरतीची वेळ काढण्याची एक रीत कोकणात सर्वत्र प्रचलित होती. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशी भरती पूर्ण होण्याची वेळ स्थूलमानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. पाऊण तास हा त्याचाच सोपा व्यावहारिक हिशेब होय. जुन्या गावठी शाळांतून पावकी, निमकी यांबरोबर पाऊणकी पाठ करून घेत असत. पाऊणकी येणाऱ्या मुलाला भरती-ओहोटीचे कोष्टक वेगळे शिकावे लागत नसे. पंचांग, पाढा आणि पाणी यांची अशी सांगड बसलेली होती.

माशांच्या बाबतीतही हेच दिसते. ‘मत्स्य’चे प्राकृतात ‘मच्छ’ झाले आणि मराठीने आपल्या ध्वनिप्रकृतीनुसार ‘च्छ’चा ‘स’ करून ‘मासा’ हे रूप सिद्ध केले. याच वाटेने ‘कच्छप’, ‘कच्छव’ आणि ‘कासव’ अशी मालिका लागते. पुढे उत्तरेकडील भाषांच्या संपर्कातून ‘मच्छी’ हा शब्द परत आला व बाजारात स्थिरावला. त्यामुळे मराठीत आता एक विभागणी झाली आहे. पाण्यात पोहतो तो ‘मासा’, होडीतून उतरते ती ‘मासळी’, बाजारात विकली जाते ती ‘मच्छी’. आणि कोळीवाड्यात यांतील बराचसा भाग ‘म्हावरे’ या शब्दाने व्यापलेला आहे. जातिवाचक नावे तर विपुल आहेत. बांगडा, तारली, सुरमई, रावस, घोळ, हलवा, बोंबील, मांदेली, मुडदुशी, मुशी, वागळी, शेवंड, जवळा, करंदी, तिसऱ्या, कालवे ही यादी कितीही वाढवता येईल. घाटावरील ग्राहकाला यांतील फार थोडी नावे येतात. ज्या चार माशांची नावे त्याला येतात तेच चार मासे तो मागतो आणि त्यांच्यावरच पकडीचा सारा भार पडतो. नावांचे दारिद्र्य आणि समुद्रावरील ताण यांचा संबंध असा प्रत्यक्ष आहे.

(३)

किनाऱ्यावरील संयमाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे पावसाळ्यातील बंदीचा काळ. ज्येष्ठात वारा फिरला की होड्या ओढून वर घेत आणि झापांनी शाकारून ठेवीत. पुढील दोन-अडीच महिने जाळी तुणणे, दोर वळणे, लाकडी सांगाड्याची डागडुजी करणे ही कामे चालत. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट, सुके बोंबील आणि खारवलेले मासे यांवर घर चाले. खाडीतील व ओढ्यांतील थोडी मासेमारी सुरू राही, परंतु भर समुद्रात कोणी जात नसे. श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यानंतर हंगाम पुन्हा सुरू होई.

हा संयम केवळ मच्छीमारांपुरता नव्हता. मराठ्यांच्या आरमारालाही तो पाळावा लागे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळा लागण्यापूर्वी गलबते बंदरात आणून त्यांची छावणी कशी करावी, याविषयी तेथे तपशीलवार सूचना आहेत. आरमारासाठी लागणाऱ्या लाकडासंबंधीचा त्यातील भाग तर विशेष प्रसिद्ध आहे. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असल्यामुळे त्यांना हात लावू नये, झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असा त्याचा आशय आहे. समुद्रावर सत्ता चालवावयाची तर जमिनीवर आधी हात आवरला पाहिजे, हा विचार तेथे राज्यकारभाराचा नियम म्हणून आलेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. नारळी पौर्णिमेपर्यंतची बंदी माशांच्या रक्षणासाठी योजिली गेली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यात शिडाची होडी समुद्रात नेणे म्हणजे जिवाशी खेळ होता, आणि बंदीच्या मुळाशी प्रथमतः हे भय होते. जुने लोक निसर्गाचे जाणते रक्षक होते असे भाबडे चित्र रंगवण्याचे कारण नाही. कासवांची अंडी कोकणातही खाल्ली जात होती. परंतु भयातून आलेल्या नियमाचे परिणाम भयापुरतेच मर्यादित राहत नाहीत. तारलीसारख्या काही माशांच्या प्रजननाचा मुख्य काळ नेमका पावसाळ्यात येतो. याच सुमारास नद्यांचे गढूळ पाणी आणि खालच्या थरांतून वर येणारे पाणी यांमुळे समुद्रात पोषक द्रव्ये वाढतात, सूक्ष्म प्लवकांची वाढ होते आणि माशांच्या पिलांना अन्न मिळते. वाऱ्याने माणसाला काठावर बसवले आणि तेवढ्या अवधीत समुद्राने आपले घर भरून घेतले. हेतू एक आणि लाभ दुसरा. परंतु त्या दोहोंना एका तिथीने बांधून ठेवले होते, आणि तिथीला सणाचे रूप मिळाल्यामुळे ती मोडणे हे केवळ धाडस न ठरता अमंगल ठरले.

(४)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा आधार ढासळला. स्वातंत्र्योत्तर योजनांच्या काळात होड्यांना यंत्रे बसली, सुताच्या जाळ्यांच्या जागी नायलॉनची जाळी आली, बर्फाची सोय झाली, आणि कोळंबीला परदेशी बाजार मिळू लागल्यावर समुद्रतळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरांची संख्या वाढली. यांत वाईट हेतू कोणाचा नव्हता. मच्छीमाराचे कष्ट कमी व्हावेत, त्याच्या जिवाचा धोका टळावा आणि देशाला अन्न मिळावे हाच उद्देश होता, आणि तो काही अंशी साध्यही झाला. परंतु ज्या वाऱ्याच्या भयावर मर्यादा उभी होती त्या वाऱ्याला यंत्राने जिंकल्यावर मर्यादेला निराळा आधार शोधणे भाग पडले.

दक्षिण कोकणातील रापण आणि ट्रॉलर यांची तुलना केली म्हणजे हा फरक ध्यानात येतो. रापण हे काठावरून ओढावयाचे लांब जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके काठावरील माणसे दोराने ओढून आणतात. त्यासाठी अनेक हात लागतात आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या रीतीने वाटे पडतात. मासा काठाजवळ येईल तेव्हाच रापण लागावयाची. त्याचा पाठलाग करण्याची शक्ती तिच्यात नाही. ट्रॉलर आणि पुढे आलेली पर्ससीन जाळी मात्र माशांच्या मागे जातात. त्यामुळे काठावर थांबणारा आणि मागे जाणारा यांच्यात संघर्ष अटळ होता. केरळ आणि गोवा येथे हा संघर्ष तीव्र झाल्यावर १९८० साली तेथे मासेमारी नियमनाचे कायदे झाले आणि पाठोपाठ ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ अस्तित्वात आला. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्र शासनाने २०१६ साली कडक निर्बंध घातले आणि २०२१ साली मूळ अधिनियमात सुधारणा करून दंडाची तरतूद वाढवली.

पावसाळी बंदीचा कायदेशीर इतिहास भाषेच्या अभ्यासकाला विशेष बोधक वाटेल असा आहे. महाराष्ट्रात बराच काळ ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत, यांपैकी जो दिवस आधी येईल तोपर्यंत असे. म्हणजे शासकीय आदेशाच्या मजकुरात एका सणाचे नाव कालमर्यादा म्हणून आले होते. पंचांगातील तिथी आणि इंग्रजी तारीख एका वाक्यात शेजारी बसल्या होत्या. २०१५ पासून संपूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकच बंदी ठरवण्यात आली. त्यामुळे राज्याराज्यांतील तफावत कमी झाली, परंतु तिथीही आदेशातून निघून गेली. चांद्रमानामुळे नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये मागेपुढे होत राहते. अधिक मास आलेल्या २०२३ साली ती ३० ऑगस्टला होती. कायद्याने दार उघडल्यावर पूर्ण महिना लोटला तेव्हा दर्याला नारळ वाहिला गेला. नारळ वाहण्यापूर्वी समुद्रात जावे की न जावे हा प्रश्न अशा वर्षी प्रत्येक कोळीवाड्यात नव्याने उभा राहतो, आणि बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी अशी मागणी काही मच्छीमार संघटनांनीच केलेली आहे, ही बाब उल्लेखनीय आहे.

तारखेची बंदी तिथीच्या बंदीपेक्षा काटेकोर असते यात शंका नाही. ती मोजता येते, मोडल्यास दंड करता येतो. परंतु तिची अंमलबजावणी बाहेरच्या देखरेखीवर अवलंबून असते. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे राज्याचे पाणी सातशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर रात्रंदिवस राखणे कोणत्याही खात्याला सोपे नाही. म्हणून पुन्हा तोच प्रश्न उरतो. भय गेले आणि देखरेख अपुरी पडते, तर मर्यादा कशावर उभी राहावी?

(५)

या प्रश्नाचे एक उत्तर कोकणाच्या उत्तरेस, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळाले. मार्गाचे साम्य आणि भाषेचे सान्निध्य यांमुळे त्याचा येथे विचार करणे युक्त ठरेल. जगातील सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. हा महाकाय परंतु निरुपद्रवी मासा वेरावळच्या आसपासच्या समुद्रात येतो. त्याच्या यकृताच्या तेलासाठी, आणि पुढे परदेशी बाजारातील मांसासाठी, तेथे त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. शिकारीत त्याला गळ लावून, तो खोल जाऊ नये म्हणून दोराला पिंपे बांधीत. यावरून त्या माशालाच तेथे ‘बॅरल’ हे नाव पडले. मारण्याच्या साधनाचे नाव मारल्या जाणाऱ्या जिवाला मिळाले, असा हा प्रकार होता.

२००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत या माशाचा समावेश झाला आणि त्याची शिकार गुन्हा ठरली. तथापि खरा बदल त्यानंतर झाला. २००४ साली वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हाती घेतलेल्या मोहिमेत प्रसिद्ध कथाकार मोरारीबापू सहभागी झाले, आणि या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव रूढ झाले. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, ही कल्पना त्या नावाबरोबर आली. माहेरी आलेल्या लेकीला कोणी दुखवीत नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. जाळ्यात अडकलेली व्हाली जाळे कापून सोडून देण्याची रीत पडली आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई शासनाने देऊ केली. कायदा, नाव आणि नुकसानभरपाई ही तिन्ही एकत्र आली तेव्हाच नियम टिकला, हे येथे विसरता कामा नये. केवळ नाव बदलून पोट भरत नाही. परंतु केवळ भरपाईने माया उत्पन्न होत नाही, हेही तितकेच खरे.

(६)

कोकणात याच स्वरूपाचा बदल कासवांच्या बाबतीत झाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव इतिहासाच्या वाचकाला नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव म्हणून परिचित आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ सालापासून तेथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. थंडीच्या दिवसांत मादी रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून समुद्रात परत जाते. पिलांची तिला पुन्हा भेट होत नाही. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडतात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक निपजतात, कमी उष्ण असेल तर नर. म्हणजे वाळूच्या उष्णतेवर पुढील पिढीतील नर-मादीचे प्रमाण अवलंबून असते.

पूर्वी ही अंडी माणसे व कोल्हीकुत्री उकरून नेत. आता ग्रामस्थ पहाटे पुळणीवर फिरून घरटी शोधतात, अंडी तितक्याच खोलीच्या खड्ड्यात, कुंपणाच्या आत हलवतात आणि पिले निघाली म्हणजे पाण्याच्या दिशेने सोडतात. २००६ सालापासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय गावातील घरांतूनच होते. ज्या घरात पूर्वी अंडे खाण्याची वस्तू होती, त्याच घराला आता पिलू समुद्रापर्यंत पोहोचण्यात प्रत्यक्ष हितसंबंध निर्माण झाला आहे.

संशोधनाच्या बाबतीतही नावांची गंमत दिसून येते. २०२२ साली कोकण किनाऱ्यावरील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवण्यात आली. वेळास येथील पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. इतर चौघी सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. या प्रत्येकीचा मार्ग वृत्तपत्रांतून नात्यातील माणसाच्या प्रवासासारखा वाचला गेला. पुढे, २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनारे माणसाने नकाशावर वेगळे केले आहेत, कासवाने नव्हे.

पाहुण्यांच्या संदर्भातील नियम या जीवशास्त्रातूनच निघतात. पिलू उजेडाच्या दिशेने जाते, कारण रात्री समुद्राचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते. म्हणून विजेरी किंवा छायाचित्राचा झोत त्याला भलत्या वाटेला लावतो. पिलांना हात लावू नये, दोरीच्या अलीकडे उभे राहावे, पुळणीवर वाहन आणू नये, हे नियम पाहणाऱ्याचा आनंद कमी करण्यासाठी नाहीत; ज्या दृश्यासाठी तो आला आहे ते दृश्य पुढील वर्षी शिल्लक राहावे यासाठी आहेत.

मालवणचा अनुभव इतका सरळ नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. या उथळ, खडकाळ पाण्यात प्रवाळ, समुद्रशैवाल, शिंपले आणि रंगीबेरंगी माशांची मोठी समृद्धी आहे. परंतु घोषणेपासूनच स्थानिक मच्छीमारांनी तिला विरोध केला. ज्या पाण्यावर उपजीविका चालते तेच पाणी आपल्याला बंद होईल, ही त्यांची भीती होती. आणि ज्यांनी तळ खरवडला ते मोकळे राहून रापण ओढणाऱ्यावर बंधने यावीत, ही तक्रार अकारण म्हणता येणार नाही. वेळासला गाव आधी आणि नियम नंतर आला. मालवणला नियम आधी आला. दोन्ही ठिकाणच्या परिणामांतील अंतर बऱ्याच अंशी या क्रमामुळे पडले आहे.

पुढे मालवण-तारकर्ली परिसरात पाण्याखालची सृष्टी पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले आणि मच्छीमार कुटुंबांतील अनेक तरुण या व्यवसायात आले. त्यामुळे प्रवाळ हे पोवळ्याच्या दागिन्याऐवजी जिवंत वस्ती म्हणून दिसू लागले, हा लाभ मोठा आहे. परंतु प्रवाळावर पाय ठेवणे, त्याच्यावर नांगर टाकणे, माशांना पाव किंवा बिस्किटे टाकून जवळ बोलावणे यांमुळे तीच वस्ती मरते. कोकणात ज्याला ‘गादा’ म्हणतात त्या डॉल्फिनचीही हीच स्थिती आहे. त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. चार होड्यांनी घेरून पाठलाग केला तर त्याचे भक्ष्य, विश्रांती आणि पिलाची सोबत ही तिन्ही मोडतात. यंत्र थोडे लांब मंद करून थांबणाऱ्या होडीजवळ तो पुष्कळदा आपणहून येतो. येथे पुन्हा रापण आणि ट्रॉलर यांच्यातील तोच भेद उपस्थित होतो: येईल त्याची वाट पाहावयाची, की मागे लागावयाचे.

समुद्र न जाणण्याची किंमत केवळ सागरी जीवांनाच पडते असे नाही. दर वर्षी कोकणच्या पुळणींवर बाहेरून आलेली, बहुधा तरुण माणसे बुडतात. पाणी उतरत असताना ते माणसाला आत ओढते, आणि उधाणाच्या दिवसांत ही ओढ अधिक असते, हे गावातील शाळकरी मुलाला माहीत असते. पाहुण्याला उधाण हा शब्द येतो, परंतु तो सभेतील भाषणातून आलेला असतो. शब्दाचा मूळ अर्थ हरवल्याचा परिणाम येथे वाङ्मयीन राहत नाही.

(७)

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. कोकण किनाऱ्यावरील सागरी मर्यादा आरंभी वाऱ्याच्या भयावर उभी होती आणि तिथी, पाढा, सण व शब्द यांनी ती समाजात मुरवली. यंत्राने भय दूर केले तेव्हा कायद्याने तिची जागा घेतली. परंतु कायदा तारखा आणि आकडे यांच्या भाषेत बोलतो, आणि त्या भाषेला लोकांच्या मनात रुजण्यासाठी दुसऱ्या भाषेची जोड लागते. व्हालीच्या आणि वेळासच्या उदाहरणांत ही जोड मिळाली. ज्या जिवाला नाव मिळाले, ज्याचा जीवनक्रम लोकांना कळला आणि ज्याच्या जगण्यात लोकांचे हित गुंतले, त्याच्या बाबतीत नियम टिकला. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, त्यामागेही लहान, अपक्व पापलेट पकडले जाऊ नये ही चिंता होती. हा मान ताटापलीकडे जाऊन पापलेटच्या आयुष्याच्या माहितीपर्यंत पोहोचला, तरच त्याचा उपयोग होईल.

या दृष्टीने किनाऱ्यावरील बोलींच्या अभ्यासाला निराळे महत्त्व प्राप्त होते. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा मराठीवरील खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, अ. मा. घाटगे यांनी कुडाळी बोलीचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध केले. या कार्यांत मुख्य भर ध्वनी व व्याकरण यांवर होता आणि ते त्या काळाच्या अभ्यासाला धरूनच होते. आता मासे, शिंपले, वारे, पाण्याची स्थिती, जाळी आणि पुळणी यांचा शब्दसंग्रह, त्या शब्दांच्या वापराच्या ऋतूसह आणि जागेसह, गोळा करणे अगत्याचे आहे. होडीवर ध्वनिलहरींनी मासा शोधणारे यंत्र आल्यावर पाण्याचा रंग आणि पक्ष्यांचा घिरटा यांवरून मासा ओळखण्याचे शब्द सर्वांत आधी लोप पावतात. ते जाणणारी पिढी वृद्ध झालेली आहे.

मराठीने ‘वेला’पासून काल घेतला आणि काठ व मर्यादा सोडून दिली, असे आरंभी म्हटले. भाषेतील गमावलेला अर्थ ठरवून परत आणता येत नाही, हे भाषाशास्त्राचा कोणीही अभ्यासक सांगेल. परंतु त्या अर्थामागील ज्ञान शिकता येते आणि शिकवताही येते. समुद्रकाठी जाणाऱ्याने तिथी पाहावी, पाऊणपट करावी, पाणी चढते आहे की उतरते आहे हे काठावरच्या माणसाला विचारावे आणि समोर दिसणाऱ्या जिवाचे तेथील नाव काय आहे, हेही विचारून घ्यावे. एवढे केले तरी समुद्राच्या आनंदाला आणि त्याच्या मर्यादेला एकाच वेळी सुरुवात होते.